दोन शर्ट आणि बाकीचं सामान

२ ऑक्टोबर १८७२च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका सद्गृहस्थाने त्याच दिवशी कामावर ठेवलेल्या नोकराला फर्मावलं, दहा मिनिटांत निघायचंय. कुठे, तर पृथ्वीप्रदक्षिणेला. ट्रंका वगैरे काही नकोत, एक पिशवी पुरे. तिच्यात दोन लोकरी शर्ट आणि मोज्यांचे तीन जोड. नोकराचेही तेवढेच. बाकी काय लागेल ते वाटेत घेता येईल. ज्यूल व्हर्नने कादंबरीत उभा केलेला हा फिलिआस फॉग म्हणजे हल्ली पाठीवरच्या एका बॅगेत महिनाभर फिरून येणाऱ्या सगळ्या पुरुषांचा मूळ पुरुष. त्याची ती यादी मला पाठ आहे आणि प्रवासाला निघताना मी ती मनातल्या मनात म्हणतो. ‘लोकरी’च्या जागी ‘सुती’ म्हणतो, एवढाच पाठभेद.

ही यादी पाठ करणाऱ्यांच्या सहसा एक तपशील ध्यानात राहत नाही. त्या पिशवीत वीस हजार पौंडांच्या नोटाही होत्या आणि पिशवी नोकराच्या हातात होती.

आमच्या लहानपणी कमी सामानाचं कुणाला कौतुक नव्हतं. उलट सामान बघून माणूस किती लांब निघालाय ते लोक ओळखत. कॅनव्हासचा होल्डॉल जमिनीवर पसरून त्यात गादी, चादरी, उशा घालायच्या, टोकांच्या कप्प्यांत चपला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीबाही कोंबायचं, मग घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने त्यावर गुडघा रोवून पट्टे आवळायचे. शिवाय पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि मुक्काम पोस्ट. शिवाय फिरकीचा तांब्या. रेल्वेला या सगळ्याचं काही वाटत नसे, अजूनही फारसं वाटत नाही. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो फुकट नेता येतात, एसी फर्स्टला ७०. सत्तर किलो म्हणजे एक अख्खा मेहुणा.

पण ते ओझं कळत होतं, कारण कुणीतरी ते उचलत होतं. हमाल, नाहीतर काका. पुढे चाकं आली. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना पट्ट्याने ओढायच्या, चाकांच्या सुटकेसचं पेटंट १९७२ साली मिळालं आणि १९८७मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने ती सुटकेस उभी करून तिला आत-बाहेर सरकणारी दांडी बसवली. तेव्हापासून ओझं कुणालाच कळेनासं झालं, आणि कळेना म्हणून वाढलं. मग विमान कंपन्यांनी काटा मांडला. आपल्याकडे हातातल्या बॅगेला ७ किलो. त्यात चाकांची बॅग रिकामीच अडीच किलो भरते. औषधं, चार्जर, चष्म्याचं घर आणि ‘विमानात वाचू’ म्हणून घेतलेला गेल्या वर्षीचा दिवाळी अंक मिळून आणखी दीड. उरले तीन. या तीन किलोंत पुरुषाने आठवडाभर सभ्य दिसायचं असतं.

यावरचं शास्त्र हल्ली बरंच वाढलं आहे, पण त्याचं मूळ सूत्र चाळीत खोली घेऊन राहणाऱ्या प्रत्येक ब्रह्मचाऱ्याला ठाऊक होतं: एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. तीन शर्ट, दोन पँटी, आतले कपडे तीन जोड, थंडीपुरतं एक काहीतरी. प्रवास किती दिवसांचा याचा संबंध नाही, कारण चौथ्या दिवशी पुन्हा पहिला शर्ट येतो. हे गणित पुरुषाला एकाच ठिकाणी अडतं, ते आतल्या कपड्यांपाशी. वरच्या कपड्यांबाबत अगदी विरक्त असलेला माणूसही आतल्यांची संख्या काढताना प्रवासाचे दिवस अधिक दोन असा हिशेब करतो. हे दोन दिवस कुठले आणि त्या दिवशी काय घडेल अशी त्याला धास्ती असते, हे विचारू नये. पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी यात धरलेली नाही. ती झोपायला, ती वेगळी.

रंग एकमेकांशी भांडणारे नकोत, असंही शास्त्र सांगतं. निळा, राखाडी, मातकट. कुठलाही शर्ट कुठल्याही पँटीवर चढवता आला पाहिजे. हे मी निष्ठेने पाळतो. याची किंमत फक्त फोटोंत मोजावी लागते. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी या तिन्ही ठिकाणी मी त्याच निळ्या शर्टात उभा आहे. घरच्या ग्रुपवर फोटो पडल्यावर मावसभावाने विचारलं, ‘दादा, सगळं एकाच दिवसात उरकलंत की काय?’ बायको प्रत्येक फोटोत वेगळ्या साडीत असल्यामुळे त्याचा गोंधळ आणखी वाढला. दुसरा प्रश्न आला, ‘आणि वहिनी एका दिवसात तीनदा साडी बदलतात?’

खरा घोळ कापडाचा. सुती कपडा अंगाला गोड, पण एकदा भिजला की पाणी सोडत नाही. जुलै महिन्यात चिपळूणला धुतलेला सुती शर्ट वाळत नाही, नुसता जुना होतो. जीनचं तर बोलायलाच नको. ती पिशवीत पाऊण किलो खाते आणि धुतली की दोन दिवस दोरी अडवते. १९४१मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला. त्याचं तिकडचं नाव टेरिलिन. आपल्याकडे टेरिलिन आलं, मागून सूत मिसळलेलं टेरिकॉट आलं, आणि माझ्या वडिलांच्या पिढीला एकदम मोकळं वाटलं. रात्री नळाखाली धुवा, सकाळी घाला, इस्त्री नको. नात्यातल्या एका लग्नात तर नवरदेवापेक्षा त्याच्या टेरिलिनच्या शर्टाकडे जास्त पाहुणे बघत होते, असं सांगतात.

टेरिलिनची खोड अशी की ते पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणून तर झटकन वाळतं. पण मग घाम जाणार कुठे? तो अंगावरच राहतो, आणि घामातला तेलकट भाग मात्र धाग्याला असा धरून बसतो की धुतला तरी वास शर्टाची साथ सोडत नाही. पुढे आम्ही या कापडाला हसलो, खादी आणि लिननकडे वळलो, आणि आता तेच कापड ‘प्रवासाचा खास शर्ट’ म्हणून चौपट दराने काचेच्या दुकानांत टांगलेलं दिसतं. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात फिरायला निम्मं सूत असलेलं जुनं टेरिकॉट अजूनही बरं. ते घातलेला माणूस तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनासारखा दिसतो, पण त्यात वाईट काय आहे? कुठेही गेलं तरी लोक त्याला रस्ता विचारतात.

फॉग मात्र बरोबर होता, हे मान्य केलं पाहिजे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि दिवसचे दिवस घातली तरी सुती किंवा पॉलिएस्टरच्या शर्टासारखी वासत नाही. म्हणूनच मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीचे बनियनसारखे शर्ट घालून हल्लीचे प्रवासी हिंडतात. किंमत काही हजारांत. इतका महाग बनियन मी दोरीवर टाकला तर रात्रभर त्याच्यावर पहारा देत बसेन. लोकर आपल्याकडेही आहे म्हणा. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्यांची खळ दिलेली घोंगडी. धनगर पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतो, रात्री तीच अंथरतो, थंडी पडली की तीच पांघरतो. एका कपड्यात पावसाळा, हिवाळा आणि गादी. फक्त ती टोचते. लोकर किती तलम आहे याचा विचार घोंगडी विणणाऱ्याने कधी केला नाही आणि पांघरणाऱ्याने कधी तक्रार केली नाही.

सह्याद्रीत पावसाळ्यात भटकणाऱ्या पोरांचा नियम मला या सगळ्या शास्त्रापेक्षा सरळ वाटतो. कपड्यांचे जोड दोनच, एक ओला आणि एक कोरडा. कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी. तो फक्त रात्री गुहेत किंवा देवळात पोहोचल्यावर घालायचा. सकाळी पुन्हा कालचाच ओला. पहाटे सहा वाजता ओली गार पँट पायांत चढवताना माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात ते इथे देता येणार नाहीत, पण कपडे किती न्यावेत हा प्रश्न त्या क्षणी कायमचा सुटलेला असतो.

आणि आता पंचा. इतका वेळ मी त्याच्यावर यायचं टाळत होतो, कारण आलो की थांबणार नाही. पुरुषाच्या प्रवासाच्या कपड्यांत ज्याला खऱ्या अर्थाने तोड नाही, असं एवढं एकच वस्त्र. टर्किश टॉवेल अर्धा किलो खातो आणि एकदा भिजला की संध्याकाळपर्यंत कुबट वास मारत राहतो. पंच्याचं वजन काट्यावर कळेल न कळेल असं. तो पिळला की पिळला, झटकला की वाळायला लागला. एसटीच्या खिडकीत चिमटीत धरून बसलं तर शिरवळ येईपर्यंत कोरडा. अंग पुसायचं, कमरेला गुंडाळून नदीवर आंघोळ करायची, कपडे बदलायचे, उन्हात डोक्याला बांधायचा, बर्थवर उशीला घालायचा, समोरच्या सीटवर टाकून जागा धरायची, बाजारात पेरू स्वस्त मिळाले तर त्यातच बांधून आणायचे. धुतलेला शर्ट पंच्यात गुंडाळून पिळला की त्यातलं निम्मं पाणी पंचा घेतो आणि शर्ट सकाळपर्यंत घालण्याजोगा होतो. एवढं सगळं करून पंचा कधी ऐट मिरवत नाही. काचेच्या दुकानांत ‘प्रवासाचा खास टॉवेल’ म्हणून एक गुळगुळीत सिंथेटिक तुकडा मिळतो. मी तो वापरून बघितला आहे. तो पाणी अंगाच्या एका भागावरून दुसऱ्या भागावर नेतो.

पंच्याची एकच अडचण आहे, हॉटेलची. चांगल्या हॉटेलच्या बाल्कनीत पंचा वाळत घालू नका असं पाटीवर लिहिलेलं असतं. पंचा म्हणून लिहिलेलं नसतं, ‘कपडे’ म्हणून लिहिलेलं असतं, पण रोख कुणाकडे आहे ते कळतं.

बुटांबद्दल थोडक्यात. एकच जोड न्यावा, पायात. यावर सगळ्या शास्त्रकारांचं एकमत आहे आणि ते कधीच जमत नाही, कारण बुटाने चालता येतं पण देवळात जाता येत नाही आणि चपलेने देवळात जाता येतं पण डोंगरावर नाही. यातला सगळ्यात महाग धडा फॉगच्या नोकराला आपल्या मुंबईतच मिळाला होता. मुंबईला उतरल्यावर पासपार्तूने वाटेतली म्हणून शर्ट-बुटांची खरेदी केली आणि हिंडत हिंडत मलबार हिलवरच्या देवळात पायांतल्या बुटांसकट शिरला. पुजाऱ्यांनी त्याला चोपून बूट काढून घेतले. झटापटीत नव्या खरेदीचं गाठोडंही गेलं आणि गडी अनवाणी स्टेशनवर पळाला. पुढे कलकत्त्याच्या कोर्टात ते बूट पुरावा म्हणून मांडले गेले आणि फॉगला दोन हजार पौंडांचा जामीन भरावा लागला. शिवाय ते बूट पासपार्तूला चावत होते ते वेगळंच. तेव्हा काढायला-घालायला सोपी, मागे पट्टा असलेली सँडल. दिसायला ती कुणालाच शोभत नाही, मलाही नाही. पण मलबार हिलला ती चालली असती.

माझा भाचा तिकडे बोस्टनला असतो. तो तीन आठवड्यांसाठी येतो तेव्हा त्याच्या पाठीवर शाळेच्या दप्तराएवढी एक बॅग असते. ‘मामा, यात सगळं आलं,’ असं तो विमानतळावरच सांगतो आणि मला त्याचा अभिमान वाटतो. घरी पोहोचल्यावर त्याची आई त्याचे दोन टी-शर्ट मशीनला टाकते आणि ते वाळेपर्यंत तो वडिलांचा लेंगा घालून बसतो. रात्री बाबांचा स्वेटर. लग्नाला थोरल्या भावाचा झब्बा. रोज सकाळी इस्त्रीवाला घरी येऊन कपडे नेतो, संध्याकाळी आणून देतो. आणि जाताना तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्यांत भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या, कंदी पेढे आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीसाठी दिलेलं एक जड पुडकं, ज्यात काय आहे ते त्याने विचारायचं नसतं. दप्तराएवढ्या बॅगेत जे ‘सगळं’ होतं, त्यातलं बरंचसं घरच्यांच्या कपाटात होतं.

तेव्हापासून मला जिथे तिथे हलक्या बॅगेच्या मागे एक जड बॅग दिसायला लागली आहे. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी खांद्याला एक शबनम आणि हातात टाळ एवढ्यावर चालतो, हे खरंच. पण वळकट्या, राहुट्या आणि स्वयंपाकाची भांडी घेऊन दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो, आणि त्याच वाटेवर बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चाललेल्या असतात. घोंगडीवाल्या धनगराचंही तेच. दिवाळीनंतर वाडा हलतो तेव्हा तो खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन मेंढरांमागे मोकळा जातो. भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या आणि नुकतंच जन्मलेलं कोकरू असं बिऱ्हाड घोड्यावर लादून ते हाकत नेते त्याची बायको. गाडगेबाबांची गोष्ट वेगळी. खराटा, गाडगं आणि चिंध्यांचं वस्त्र एवढ्यावर ते हिंडले आणि मागे लोकांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पण त्यांना सामानाची यादी करताना कुणी पाहिलं नसेल. यादी करणारे आम्ही.

यंदा काझीरंग्याला जायचं ठरलं. पुण्याहून गुवाहाटी विमानाने. मी आदल्या आठवड्यापासून कपड्यांची जमवाजमव करत होतो. शेवटी सगळा ढीग पिशवीत घालून आकड्याच्या काट्याला लटकवला, तर दोन किलो नऊशे. मी काटा बायकोला दाखवला. तिने ‘छान’ म्हटलं आणि पलंगावर तिच्या कपड्यांच्या शेजारी आणखी एक ढीग मांडायला घेतला.

‘हे काय?’

‘सामाईक.’

नायलॉनची दोरी. चिमटे. कपडे धुवायचा साबण. सुईदोरा, सेफ्टी पिना, नेलकटर. क्रेप बँडेज. अमृतांजन. डासांचं मलम. टॉर्च. प्लास्टिकच्या पिशव्यांची एक पिशवी. दोन स्टीलची भांडी, चमचे, चहाची पुडी, चिवडा, खाकरे, लिंबाचं गोड लोणचं. मी तो ढीगही काट्याला लावला. चार किलो शंभर.

‘यातलं काही काढता येईल का बघा,’ ती म्हणाली, ‘कारण इतके दिवस हे माझ्या बॅगेत जात होतं. यंदा मीही सात किलोंत बसवायचं ठरवलंय.’

मी बघितलं. दोरी, चिमटे आणि साबण हे माझ्या तीन शर्टांच्या सूत्राचे आधारस्तंभ होते. बँडेज माझ्या गुडघ्याचं. नेलकटर, टॉर्च, डासांचं मलम आणि लोणचं, प्रत्येक वस्तूला माझ्याच नावाची चिठ्ठी लावता आली असती. मी चमचे दोनाऐवजी एक न्यावा असं सुचवून पाहिलं.

‘मग असं करू,’ मी म्हणालो, ‘हा ढीग चेक-इनला टाकू. तिकिटात माणशी १५ किलो आहेतच.’

‘आहेतच म्हणजे?’

‘म्हणजे फुकट. तिकिटातच धरलेले असतात.’

‘दोघांचे तीस?’

‘तीस.’

ती पलंगाच्या कडेवर बसली. ‘मग आठवडाभर बनियन कसले मोजताय?’

‘अगं, पण उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी वीस मिनिटं उभं राहावं लागतं. हातातली बॅग असली की थेट बाहेर.’

‘तुम्ही कधी थेट बाहेर गेलात? माझ्या बॅगेसाठी उभेच असता की माझ्याबरोबर.’

यावर शास्त्रात काही दिलेलं नाही. तोवर ती उठून माझ्या कपाटाशी गेली होती.

‘तो मोरपंखी झब्बा घ्या,’ आतून आवाज आला, ‘आणि तो चौकड्यांचा शर्ट. भाऊजींना निदान कळू दे, दोन दिवस होतो ते.’